बर्फात माठ होऊ नका: खानदेशातून पहिल्या स्की-स्नोशू सहलीला निघताना

जानेवारीत जाड जॅकेट काखेत मारून भुसावळच्या फलाटावर उभं राहिलं की कोणीतरी ओळखीचं भेटतंच. "कथा चालना भो?" मनालीला, बर्फात, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: थंडी सोसेल का? आपण पंचेचाळीस अंशांत वाढलेली माणसं, तेव्हा शंका रास्त आहे. पण इतके हिवाळे तिकडे जाऊन आणि आपल्याकडची बरीच मंडळी नेऊन मला दिसलंय ते वेगळंच. थंडीनं आपल्यातलं फारसं कोणी हैराण होत नाही, घामानं होतं.

उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माठ पाझरतो, बाहेरची ओल वाऱ्यावर सुकते आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जाते. सुती बनियन घालून बर्फाचा चढ चढलेला माणूस म्हणजे चालता माठच. चढताना भिजतो, वर पोचून थांबला की वारा लागतो आणि दहा मिनिटांत आतून गार पडतो. मे महिन्यात जो घाम आपला जीव वाचवतो, तोच तिथे उलटतो. पुढे जे काही लिहिलंय ते बहुतेक या एका गोष्टीभोवती फिरतं.

हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. मनालीत मुक्काम, रोज सकाळी बर्फावर जायचं, स्कीवर घसरायला किंवा स्नोशू (पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट) घालून चालायला, संध्याकाळी खोलीवर परत यायचं, एवढाच बेत. बर्फात तंबू ठोकणं, खिंडी ओलांडणं यासाठी वेगळी तयारी आणि वेगळी माणसं लागतात.

महिना निवडा

नाताळच्या सुट्टीत जाऊ नका. डिसेंबरात मनालीजवळच्या सोलांगच्या उतारावर कित्येकदा बर्फाऐवजी पिवळं गवत असतं आणि रस्त्यावर गाड्यांची रांग. भरवशाचा काळ म्हणजे जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर.

तिकडे बर्फ पडतो तो पश्चिमी विक्षोभांमुळे. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या प्रणाली हिमालयावर बर्फ टाकतात, आणि त्या पुढे सरकल्या की उत्तरेचे गार वारे थेट आपल्यापर्यंत येतात. धुळ्यात पारा पाच-सहा अंशांवर आला, शेकोट्या पेटल्या, की मी मनालीच्या हॉटेलवाल्याला फोन लावतो. बहुतेक वेळा तिकडे नुकताच बर्फ पडून गेलेला असतो. त्याच प्रणालींचा हात कधीकधी फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या गव्हावर पडणाऱ्या गारांमागेही असतो, तेव्हा फार प्रेमानं त्यांची वाट बघू नका.

बर्फ पडल्या पडल्या डोंगरात शिरायची घाई मात्र नको. पहिले एक-दोन दिवस रस्ते बंद असतात आणि हिमस्खलनाचा धोकाही तेव्हाच सर्वांत जास्त असतो. म्हणून मनालीत निदान चार पूर्ण दिवस हाती ठेवा. दोन दिवसांचा बेत आखून गेलेली मंडळी हॉटेलच्या खिडकीतून बर्फ बघून परत आलेली मी पाहिली आहेत.

जाण्याची वाट

या बाबतीत आपण नशीबवान आहोत. भुसावळ-जळगावहून दिल्लीला थेट गाड्या आहेत: पंजाब मेल, कर्नाटक एक्स्प्रेस, गोवा एक्स्प्रेस. साधारण अठरा ते वीस तास. मुंबईहून निघणारी राजधानी जळगावला थांबते, ती आणखी लवकर पोचवते. नंदुरबार-शहाद्याकडच्यांना सुरतेहून दिल्लीची गाडी सोयीची पडते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं.

दिल्लीहून मनाली सुमारे ५४० किलोमीटर. रात्रीची बस बारा ते चौदा तास घेते. इथे एक चूक हमखास होते: दुपारी तीनला गाडी पोचणार म्हणून पाचची बस धरायची. जानेवारीत उत्तरेत धुकं असतं, मथुरा-आग्र्याच्या पट्ट्यात गाडी चार-चार तास रखडते आणि बस हातची जाते. सकाळी पोचणारी गाडी घ्या आणि बस रात्रीची ठेवा. मधला वेळ कसा काढायचा हे दिल्लीत कोणाला शिकवावं लागत नाही.

सहा आठवडे आधी: मांड्या

स्कीइंगमध्ये सगळ्यात आधी मांड्या बोलायला लागतात. गुडघे वाकवून, खुर्चीवर बसता बसता थांबल्यासारखं तासन्‌तास उभं राहायचं असतं. घरी बैठका काढा. रोज वीसपासून सुरुवात, महिन्याभरात साठपर्यंत. भिंतीला पाठ टेकवून हवेत बसायचा व्यायामही चांगला, दोन मिनिटं टिकलात तर पुष्कळ झालं.

रविवारी डोंगर धरा. धुळेकरांना लळिंगचा किल्ला हाताशी आहे, आग्रा रोडला लागूनच. चाळीसगावकरांना पाटणादेवी आणि वरचा कण्हेरगड. यावल-चोपड्याच्या लोकांना मनुदेवी आणि मागचा सातपुडा, नंदुरबारला तोरणमाळ. चढापेक्षा उतार जास्त महत्त्वाचा: सावकाश, गुडघे वाकवून, पाऊल न आपटता उतरा. मांड्यांना खरा कस तिथेच लागतो.

कपड्यांची परीक्षाही इथेच उरकते. डिसेंबरात पहाटे पाचला मोटारसायकलवर धुळे ते सोनगीर जाऊन या. हातमोजे किती खरे, जॅकेटमधून वारा शिरतो का, कान उघडे पडतात का, सगळं वीस किलोमीटरमध्ये कळतं. खोलीत आरशासमोर घालून पाहिलं तर फक्त आपण किती जाड दिसतो तेवढंच कळतं.

कापूस घरी ठेवा

खानदेशाच्या माणसाला हे सांगणं जड जातं. आपल्या शेतात कापूस, अंगावर कापूस, गादीत कापूस. पण बर्फावर जाताना सुती बनियन, सुती मोजे, जीन्स यांतलं काहीही अंगावर नको. अंतर्वस्त्रंसुद्धा सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवतं आणि ओल्या अंगाची उष्णता कोरड्या अंगापेक्षा कितीतरी लवकर निघून जाते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं.

मी पहिल्या वर्षी जीन्स आणि दोन बनियन घालून गेलो होतो. एकाऐवजी दोन, म्हणजे दुप्पट ऊब, असा हिशोब. सोलांगला नवशिक्यांना स्की खांद्यावर घेऊन पुन्हा पुन्हा चढ चढावा लागतो. अकरा वाजेपर्यंत मी घामानं निथळत होतो आणि मला थंडी वाजत नाही म्हणून सगळ्यांना ऐकवत होतो. एक वाजता मॅगी खायला बसलो, तेवढ्यात ढग आले. पाव तासात हातातला काटा प्लेटवर वाजायला लागला. बोलायला गेलो तर शब्द फुटेना. चहावाल्याच्या आडोशाला शिकवणाऱ्या पहाडी पोरानं मला दोन्ही बनियन काढायला लावले आणि कोरडा स्वेटर थेट अंगावर घालायला दिला. कपडा एकानं कमी झाला आणि दहा मिनिटांत कापरं थांबलं. माठाची गोष्ट मला त्या दिवशी कळली. माठ या शब्दाचा दुसरा अर्थही.

कपडे तीन थरांत घाला. आतला थर अंगाला चिकटून बसणारा, घाम बाहेर फेकणारा: पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर. आपल्या बाजारात थर्मल म्हणून जे मिळतं त्यात बरेचदा सूतच असतं, तेव्हा आतली चिठ्ठी वाचा. चिठ्ठी नसेल तर घरी बनियनबरोबर भिजवून, पिळून, दोन्ही पंख्याखाली टाका. बनियनच्या बराच आधी सुकला तर तो कामाचा. मधला थर ऊब धरणारा: फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड, किंवा आईनं विणलेला लोकरी स्वेटर, लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते. बाहेरचा थर वारा आणि ओल अडवणारा. पावसाळी जॅकेट चांगलं असेल तर तेही चालतं, फक्त काखेत किंवा समोर चेन हवी, म्हणजे चढताना उघडता येते.

मोजे एकच जोडी, जाड, लोकरीची. दोन जोड्या घातल्या की बूट घट्ट होतो, रक्त खेळत नाही आणि पाय उलट गार पडतात. दुसरी जोडी बॅगेत, प्लास्टिकच्या पिशवीत. हातमोजे पाणी न शिरणारे हवेत. विणलेले लोकरी हातमोजे स्कीइंगला निरुपयोगी, दोनदा पडलात की त्यांवर बर्फाचे गोळे लटकतात. उन्हाळ्यात आपण तोंडाला बांधतो तो पांढरा रुमालही सुती असतो. श्वासाच्या वाफेनं तो भिजतो आणि नाकावर गारढोण पट्टी होऊन बसतो.

ऊन मात्र विसरू नका. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो आणि दर हजार मीटर चढाईला ते किरण दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे ऊन वरूनही आणि खालूनही. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, कानामागे सनस्क्रीन लावा. गॉगल नसेल तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. आपण उन्हाची माणसं, आपल्याला काय होतंय, असं म्हणणारे माझे एक मेहुणे तीन दिवस खोलीत पडदे लावून बसले होते.

सगळं विकत घ्यायची गरज नाही. मनालीहून सोलांगच्या रस्त्यावर नंबर घातलेली दुकानं ओळीनं आहेत, तिथे सबंध अंगाचा पोशाख, बूट, हातमोजे भाड्यानं मिळतात. बाहेरचा थर तिथे घ्या. आतले दोन थर, मोजे आणि गॉगल आपले असू द्या. बूट घेताना आधी आत हात घालून टोकापर्यंत चाचपा. मला एकदा आदल्या दिवशीचे ओलेच बूट मिळाले होते, आणि हे कळलं तोवर गाडी सहा किलोमीटर पुढे गेली होती. भाडं, अनामत आणि परत करायची वेळ आधी बोलून घ्या, दोनदा.

पहिला दिवस फक्त मनाली

जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे. मनाली २००० मीटरच्या वर. आपलं तोरणमाळ त्याच्या निम्म्याच्या थोडं पुढे. पहिल्या दिवशी हिडिंबा मंदिराच्या देवदारांतून फिरा, जुन्या मनालीपर्यंत चाला, भरपूर पाणी प्या, लवकर झोपा. अडीच हजार मीटरच्या वर काहींना उंचीचा त्रास होतो: डोकं ठणकतं, मळमळतं, जेवण नको वाटतं. हलकी डोकेदुखी विश्रांतीनं जाते. उलट्या सुरू झाल्या किंवा चालताना तोल जायला लागला तर औषध शोधत बसू नका, खाली उतरा.

आणि थंडी घालवायला म्हणून दारू नको. तिनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर जाते. इथेही माठच.

कुठे जायचं

सोलांग मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटर, उंची सुमारे २५०० मीटर. रोपवे आहे, शिकवणारे आहेत, चहा आहे आणि गर्दी भुसावळच्या आठवडे बाजाराइतकी. तरी पहिल्या स्कीइंगला हेच बरं, कारण खालचा उतार सौम्य आहे आणि काही बिघडलं तर रस्ता शंभर पावलांवर.

माझं आवडतं ठिकाण सेथन. प्रिणी गावावरून वळणावळणाचा रस्ता हामट्याच्या बाजूला चढतो, साधारण २७०० मीटरवर हे छोटं गाव आहे. इथे शांतता आहे आणि स्नोशूसाठी मोकळी, सौम्य कुरणं. बर्फ पडल्यावर मात्र चारही चाकांना जोर देणारी गाडी आणि स्थानिक चालकच हवा. रस्त्यावर पाणी गोठून काचेसारखा थर धरतं, तो दिसत नाही. नाशिक-पुण्याच्या घाटात गाडी चालवलेली असली तरी इथे स्वतः चालवायचा मोह टाळा.

तिसरं ठिकाण सिस्सू, अटल बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये, ३१०० मीटरच्या आसपास. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला आणि तोवर हिवाळ्यात बंद असणारं खोरं दिवसाच्या सहलीत आलं. पण बर्फ पडला की पोलीस पर्यटकांच्या गाड्या अलीकडेच अडवतात, आणि गावाच्या हिवाळी सणांच्या काळात तिथले लोक पर्यटन बंद ठेवतात. आपल्याकडे देवीच्या यात्रेत कोणी येऊन हॉर्न वाजवत फिरलं तर चालेल का? मग त्यांचंही ऐका. जाण्याआधी मनालीत चौकशी करा. रोहतांगची खिंड ३९७८ मीटरवर आहे आणि हिवाळ्यात बंद असते. तिथे नेतो म्हणणाऱ्याच्या गाडीत बसू नका.

गुलमर्ग आणि औली ही नावं तुम्ही ऐकली असतीलच. गुलमर्गचा बर्फ सरस, पण वरच्या टप्प्याचे उतार तरबेज लोकांचे. पहिल्या खेपेला मनाली पुरे.

स्कीवर उभं राहताना

शिकवणारा आधी निवडा, जागा नंतर. तासावर हात धरून घसरवणारे आणि फोटो काढून देणारे खूप भेटतात. त्यातून फोटो मिळतो, स्कीइंग येत नाही. प्रशिक्षण कुठे घेतलं ते विचारा. मनालीत १९६१ पासून पर्वतारोहण संस्था आहे, आता तिला अटलबिहारी वाजपेयींचं नाव आहे. तिथे शिकलेली मुलं सोलांगला भेटतात. मनापासून लागण झाली तर त्याच संस्थेचे हिवाळ्यातले स्कीचे वर्ग पुढच्या वर्षी बघा.

स्कीचा बूट चालायला केलेलाच नसतो. घातल्यावर नडगी पुढच्या जिभेला टेकली पाहिजे, बोटं हलली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये. आत फक्त मोजा. पँटची घडी आत गेली तर दुपारपर्यंत नडगी सोलून निघते. नवशिक्याची स्की उभी केली की हनुवटी ते नाकाच्या दरम्यान यावी. लांब स्की दिमाखदार दिसते, वळत मात्र नाही. स्की चढवताना बुटाच्या तळाचा बर्फ काठीनं झटका, आधी पुढचं टोक अडकवा, मग टाच खाली दाबा. खट असा आवाज आला पाहिजे.

पहिला अर्धा तास सपाटीवर काढा. एका पायात स्की घालून सरका, मग दुसऱ्या. मग पडायला शिका. हो, आधी पडायला. तोल गेला की मागे न पडता बाजूला, कुल्ल्यावर पडायचं. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या, अंगाच्या खालच्या बाजूला घ्यायच्या आणि वरच्या बाजूच्या हातावर जोर देऊन उठायचं. स्की उताराच्या दिशेनं ठेवून उठायला गेलात तर उठण्याआधीच निघालेले असाल.

थांबायची युक्ती एकच: पुढची टोकं जवळ, मागची लांब, वरून पाहिलं तर समोशाचा आकार. टाचा बाहेर ढकलल्या की आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. समोसा जेवढा रुंद तेवढा वेग कमी. हे सौम्य उतारावर वीसदा जमल्याशिवाय वर जाऊ नका, शेजारचं दहा वर्षांचं पोरगं वर गेलं तरीही.

आपल्या लोकांची मुख्य अडचण म्हणजे मागे झुकणं. उतार आला की मागे रेलायचं हे आपल्या हाडात असतं. बैलगाडी उतरतानाही तेच, किल्ला उतरतानाही तेच. स्कीवर मागे झुकलात की वजन पुढच्या भागावरून जातं आणि स्की ऐकेनाशी होते. भीती वाटली की नडगी बुटाच्या जिभेवर दाबा, हात पुढे ठेवा, जणू दोन्ही हातांत जेवणाचं ताट धरलंय. नजर स्कीच्या टोकावर नको, जिथे जायचंय तिथे. आणि खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला: तो तुम्हाला बघू शकत नाही, त्याला चुकवणं तुमचं काम.

पहिल्या दिवशी दोन-अडीच तास पुरेत. दुखापती बहुतेक "शेवटचा एकदा" म्हणताना होतात.

स्नोशू

ज्यांना घसरायची धास्ती वाटते त्यांनी सरळ इथूनच सुरुवात करावी. घरातल्या मोठ्यांनाही हे जमतं, गुडघे धड असले म्हणजे झालं. तत्त्व आपल्या ओळखीचं आहे: पावसाळ्यात चिखलातून जाताना फळी टाकतो तसं. वजन पसरतं, पाय मांडीपर्यंत रुतत नाही.

पट्ट्यांची बकलं बाहेरच्या बाजूला येतील असा डावा-उजवा पाहा. पुढचा पट्टा चवड्यावर घट्ट, मागचा जरा सैल. टाच उचलली जायला हवी. खाली लोखंडी दात असतात, म्हणून दगडावर किंवा डांबरावर चालू नका. चालताना पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून टाका, नाहीतर एक स्नोशू दुसऱ्यावर पडतो आणि आपण तोंडावर. मागे पाऊल टाकायचं नाही, वळायचं असेल तर बैल घाण्याभोवती फिरतो तसं गोल फिरून यायचं. चढावर चवडा ठोकून टाका, उतारावर गुडघे वाकवून अंग सरळ ठेवा. काठ्यांना खाली रुंद चकत्या हव्यात.

वेग कसा ठेवायचा? शेजाऱ्याशी सलग गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागली म्हणजे घाम सुटणार. चालायला लागताना थोडं गार वाटलं पाहिजे. निघताना ऊबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त आहे, तो तिथेच काढा. थांबलात की लगेच घाला, थंडी वाजायची वाट न बघता. हे काढणं-घालणं कंटाळवाणं आहे आणि सगळे टाळतात.

देवदाराच्या बुंध्याजवळ जाऊ नका. फांद्यांखाली बर्फ पोकळ राहतो, पाय सरळ खाली जातो. आणि अंतराचा हिशोब निम्म्यानं धरा: लळिंगला तासाभरात जेवढं चालता, तेवढ्याला इथे दोन तास.

दिवस कसा लावायचा

जानेवारीत मनालीला सूर्य सव्वासातनंतर उगवतो आणि जळगावपेक्षा जवळपास अर्धा तास आधी मावळतो. त्यातही डोंगर मध्ये येतो, तीन-चारलाच सावली पडते आणि सावली पडली की पारा धाडकन खाली येतो. म्हणून साडेसातला न्याहारी, आठला गाडी, साडेनऊच्या आत बर्फावर. दुपारी एकला, फार तर दीडला पाठ फिरवायची, कितीही मजा येत असली तरी. चारनंतर सोलांगचा रस्ता तुंबतो आणि ओल्या मोज्यांनी दोन तास गाडीत बसणं ही मोठी शिक्षा आहे.

खाण्याचं आपल्याकडे उत्तम जमतं. संक्रांतीचे तिळगुळाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या आणि थोडी चटणी. केळी वेफर्स चालतात, केळी नकोत. गारठून काळी पडतात. कळण्याची भाकरी मी एकदा हौसेनं नेली होती, दुपारपर्यंत तिचं कौल झालं. सगळं छोट्या पुड्यांत, खिशात, दर तासाला थोडं. तहान लागत नाही म्हणून पाणी पिणं राहतं. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा आणि घोट घोट प्या. बर्फ खाऊ नका. मोबाइल आतल्या खिशात, अंगाजवळ, नाहीतर चार्ज अर्धा असतानाच बंद पडतो.

परत फिरायची चिन्हं

एकमेकांवर नजर ठेवा, कारण ज्याला त्रास होतो त्याला कळत नाही. कापरं भरलं, बोबडी वळली, साधी चेन लावता येईना, पाय अडखळायला लागले, तर आडोसा, कोरडे कपडे, गरम गोड चहा, याच क्रमानं. कापणारा माणूस अचानक कापायचा थांबला आणि गुंगीत बोलायला लागला तर सरळ दवाखाना. ११२ हा नंबर तिकडेही चालतो.

गालावर किंवा बोटांच्या टोकावर पांढरा, बधिर डाग दिसला तर चोळू नका, बर्फानं तर मुळीच नाही. बोटं काखेत धरा, गालावर गरम तळवा ठेवा.

हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं, म्हणजे स्कीवाल्यांना जे उतार खुणावतात तेच. ताज्या बर्फानंतर अशा उतारावर तर नाहीच, पण त्याच्या पायथ्याशीही थांबायचं नाही. संरक्षण संशोधन खात्याची डीजीआरई ही संस्था जिल्हावार इशारे देते. सकाळी हॉटेलवाल्याला, चालकाला आणि वाटाड्याला, तिघांनाही विचारा. एकजण जरी "आज नको" म्हणाला तरी त्या दिवशी मनालीच्या बाजारात सिड्डू, म्हणजे तिकडची सारण भरलेली वाफवलेली भाकरी खा, तुपात बुडवून.

खोलीवर आल्यावर

आधी अंगावरचं सगळं बदला, मग चहा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभरानं बदला. हीटरला चिकटवून ठेवले तर तळ सुटतो. आतले थर बाथरूममध्ये टांगू नका, तिथे ते दोन दिवस सुकत नाहीत, खोलीत दोरी बांधा. दोरी घरूनच न्या.

परतीच्या गाडीत इटारसी गेलं की आतला थर उतरवून ठेवा. फेब्रुवारीअखेरच्या दुपारी भुसावळला उतराल तेव्हा फलाटावर ऊन तापलेलं असेल. एक सुती बनियन त्यासाठी बॅगेत सगळ्यात वर ठेवा.